शुक्रवारचा रविवार

मावशी, आम्ही मूळचे सोलापूरचे, सहा वर्षं झाली मस्कतला. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून भक्तीही शुक्रवारी. सकाळी उपासना, मग मुलांचं संडे स्कूल (नाव संडे, भरतं शुक्रवारी), क्वायरची तालीम, संध्याकाळी मराठी प्रार्थनासभा. रविवारी ऑफिस असतं, तरी सोलापुरातल्या दहाच्या भक्तीला आई मला फोनवर जोडून घेते. तेव्हा इथे साडेआठ, मी गाडी चालवत असते. देवाच्याच कामानं थकायला होतंय. जरा गप्प बसून प्रार्थना करते म्हटलं तर आई म्हणते, ते आपलं नाही, योगवाल्यांचं आहे.

अगं, आधी तो गाडीतला फोन बंद कर. बाकीचं नंतर.

आईचा मुद्दा घेऊ. पहाटे अंधार असताना प्रभू येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे बायबलात मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे. शिष्य शोधत आले, सगळे तुला शोधताहेत म्हणाले, तरी तो परत त्या गर्दीत गेला नाही. दुसऱ्या गावांकडे निघाला. आईला हे वाचून दाखव, वाद घालू नकोस.

आता तुझं. विसावा म्हणून दिवसात आणखी एक कार्यक्रम घालू नकोस, एक काढ. मला विचारशील तर संध्याकाळची सभा महिन्यातून दोनदाच. क्वायर ठेव, तुला गाणं आवडतं हे पत्रातनंच कळतंय.

गप्प बसणं सुरुवातीला जमणार नाही, हेही सांगून ठेवते. आमचं घर सोलापुरात पूर्व भागात, भिंतीला भिंत लागून यंत्रमाग. त्या खडखडाटात आमची पोरं गाढ झोपायची. लाईट गेली, माग थांबले, की दचकून उठायची! तुझ्या मनाचं तसंच होईल. पहिली पाच मिनिटं डबे, फी, व्हिसा, सगळं आठवेल. येऊ दे. फोन दुसऱ्या खोलीत ठेव, एकच वचन दोन-तीनदा सावकाश वाच आणि बस. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

आणि झोप. एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून झुडपाखाली पडला, मरण मागायला लागला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, मग पुन्हा खाऊ घातलं. देवाचा मंद आवाज त्यानं ऐकला तो फार पुढे, होरेब डोंगरावर, चाळीस दिवस चालल्यावर. आपण उलटं करतो, रिकाम्या पोटी आणि अर्धवट झोपेत आवाज ऐकायला बसतो.

अजून एक. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेत दास-दासी आहेत, परका आहे, गुरंसुद्धा आहेत. तुझ्याकडे कामाला बाई येत असेल तर शुक्रवारी तिलाही सुट्टी दे. आपल्याकडचा रविवारसुद्धा आपसूक आला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून 1890 मध्ये तो मिळवला.

स्वयंपाकाचंही तसंच. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरात असेल तर शुक्रवारी दुपारी गॅस पेटवायचंच काम नाही. हॉलमध्ये चादर अंथरा, पोरांना घेऊन आडवी हो. संध्याकाळच्या सभेला का आली नाहीस असं कुणी विचारलंच, तर पाहुणे आले होते म्हणू नकोस. झोपले होते म्हण.