पाच एकर द्राक्षाला छोटा ट्रॅक्टर: जास्तीचे ७५ हजार कशाचे?

प्रश्न थोडक्यात असा. दिंडोरी तालुक्यात पाच एकर द्राक्षबाग, दोन ओळींत नऊ फूट अंतर, शिवाय दोन एकर टोमॅटो. फवारणीला भाड्याचा ट्रॅक्टर, एकरी ५०० रुपये, वर्षाला साधारण ५० फवारण्या. हातात ३ लाख आहेत. कोटेशन तीन: महिंद्रा ओजा २१२७ चं ६ लाख ३५ हजार, कुबोटा निओस्टार बी २४४१ चं ५ लाख ९० हजार आणि महिंद्रा जिवो २४५ चं ५ लाख ६० हजार. ब्लोअर, म्हणजे पंख्याने औषध फवारणारं यंत्र, वेगळा: ओढायचा ६०० लिटरचा १ लाख ९० हजार, लिफ्टवर बसणारा ४०० लिटरचा १ लाख ४० हजार. मुलाला ओजा हवा आहे, तुम्हाला साधं मशीन हवं आहे. डीलर पाच वर्षांसाठी ९ टक्के ‘फ्लॅट’ व्याजाने कर्ज देतो, बँक ११ टक्क्यांनी, घटत्या शिलकीवर.

आधी एक कटू हिशोब. ५० फवारण्या, पाच एकर, ५०० रुपये म्हणजे वर्षाला सव्वा लाख भाडं. स्वतःचा ट्रॅक्टर घेतला की जवळपास तेवढेच पैसे हप्त्यात जातील, डिझेल, सर्व्हिस आणि चालवणाऱ्याची मजुरी त्यावर. म्हणजे पहिली पाच वर्षं पैशात बचत नाही. तरीही मी ‘घ्या’ म्हणतो, कारण ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी केलेल्या गोड छाटणीनंतर महिना-दीड महिना पाऊस लागला की डाऊनी हा बुरशीचा रोग थांबत नाही आणि त्या दिवशी भाड्याचा ट्रॅक्टर तीन ठिकाणी कबूल झालेला असतो. तुम्ही खरं तर वेळेवरची फवारणी विकत घेताय. म्हणून प्रश्न नवं तंत्र की साधेपणा असा नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये मशीन बंद पडलं तर किती तासांत चालू होईल, हा आहे.

आता ते ७५ हजार, म्हणजे ओजा आणि जिवोतला फरक. ओजा ऑगस्ट २०२३ मध्ये बाजारात आला, जपानच्या मित्सुबिशी महिंद्रासोबत विकसित केलेला. तीन सिलिंडर, फोर व्हील, पुढे-मागे बारा-बारा गिअर, सिंक्रो शटल (एकाच लिव्हरने झटकन पुढे-मागे), ९५० किलोची लिफ्ट. व्हेरिएंटप्रमाणे इलेक्ट्रिक पीटीओ (ब्लोअर किंवा रोटाव्हेटर फिरवणारा मागचा शाफ्ट, बटणावर चालू होणारा), रिव्हर्स टाकला की आपोआप उचलणारं अवजार, वळताना एका बाजूचा आपोआप ब्रेक. चांगलं मशीन आहे, यात वाद नाही. पण तुमच्या कामात यातलं काय चालतं ते बघा. फवारणीत अवजार उचलायचं-टेकवायचं नसतं, त्यामुळे लिफ्टची हुशारी वर्षभर बसून राहील. ती उपयोगी पडेल टोमॅटोच्या दोन एकरांत रोटाव्हेटर मारताना, वर्षातून दोन-तीनदा.

शटलचा फायदा मात्र खरा आहे, तर तो मोजू. नऊ फुटांवर ओळी म्हणजे एकरात साधारण ४,८४० फूट चाल. ओळ २०० फुटांची धरली तर एकरी २४, पाच एकरांत १२० वळणं. बांधाशी जागा कमी असेल तर वळताना एकदा मागे घ्यावं लागतं, तिथे शटलमुळे दहा सेकंद वाचले असं धरू. एका फवारणीला वीस मिनिटं, ५० फवारण्यांना सुमारे १७ तास. मजुरी आणि डिझेल मिळून तासाचे ३०० रुपये लावले तर वर्षाला पाच हजार. ७५ हजार वसूल व्हायला पंधरा वर्षं. हीच बाग पंधरा एकरांची असती तर पाच वर्षांत वसुली झाली असती आणि मी मुलाच्या बाजूने उभा राहिलो असतो.

दुसरी बाजू बिघाडाची. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम ४ हा धुराचा कडक नियम लागू झाला, खालच्यांना नाही. त्यामुळे या गटात कॉमन रेलची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजेक्शनची, गरज पडलेली नाही. डिझेल पंप आणि नोझलचं काम करणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळतो. जास्तीची इलेक्ट्रॉनिक्स लिफ्ट, पीटीओ आणि सेन्सरमध्ये असते, आणि द्राक्षबागेत नेमकं तिथेच संकट. गंधक आणि कॉपरचा फवारा कनेक्टरच्या पिनांवर बसतो, अर्थिंगच्या बोल्टवर हिरवा थर चढतो, संध्याकाळी प्रेशरने धुताना पाणी आत शिरतं. बॅटरी दमली की व्होल्टेज पडतं आणि सोलनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) कधी घेतो, कधी नाही. शेडमधले उंदीर वायरिंग खातात आणि ते वॉरंटीत बसतं का हे आधी विचारून ठेवावं लागतं. साध्या लिव्हरच्या पीटीओत यातलं फार थोडं बिघडतं. तिथे क्लच प्लेट झिजते, तीही बहुतेक वेळा इंजिन चढं असताना झटक्याने पीटीओ टाकल्यामुळे.

आणखी एक: ओजाला बाजारात येऊन मोजकीच वर्षं झाली आहेत, दहा वर्षं चाललेला एकही नाही. जिवो २०१७ पासून आहे, सेकंड हँड बाजारात त्याचे भाव लोकांना तोंडपाठ आहेत. आणि नाशकात महिंद्राचा कारखाना आहे म्हणून स्पेअर हाताशी, हा समज काढून टाका. सातपूरला गाड्या बनतात. ओजा बनतो तेलंगणात, झहीराबादला.

मग जिवो की कुबोटा? कुबोटा तीन सिलिंडरचा, थरथर कमी, पुढच्या ॲक्सलला बेव्हल गिअर असल्याने ओल्या मातीत निर्धास्त. जिवो दोन सिलिंडरचा, हादरे जास्त, पण मेस्त्री जास्त. लिफ्ट दोघांचीही ७५० किलो. हा आकडा नीट वाचा. तो खालच्या लिंकच्या, म्हणजे अवजार अडकवायच्या मागच्या दांड्यांच्या, टोकाशी असतो, वजन जितकं मागे जाईल तितकी ताकद कमी. ६०० लिटरची टाकी लिफ्टवर बसवली तर ६०० किलो पाणी, वर सांगाडा, पंखा, पंप. दीडशे-दोनशे किलो आणखी. लिफ्ट हरते आणि पुढची चाकं हलकी होतात. म्हणूनच तुम्हाला ओढायचा ब्लोअर सुचवला गेला असणार. पण ओढायच्या ब्लोअरला बांधाशी वळायला जास्त जागा लागते आणि तुमची जागा आधीच कमी आहे.

माझं मत: ४०० लिटरचा, लिफ्टवरचा. पूर्ण पालवीत एकरी ४०० लिटर पाणी धरलं तर पाच एकरांना २,००० लिटर. ६०० च्या टाकीने चार वेळा भरायचं, ४०० च्या टाकीने पाच वेळा. एका जादा भरण्यासाठी ५० हजार आणि वळणाची डोकेदुखी कशाला? पुढे वजनं मात्र लावून घ्या.

जिवो-कुबोटाचा निकाल मी दुकानात नाही, फोनवर लावेन. तिन्ही डीलरांच्या स्पेअर काउंटरला गिऱ्हाईक म्हणून फोन करा आणि क्लच प्लेट, पुढच्या हबचं ऑइल सील, हायड्रॉलिक फिल्टर, वॉटर पंप यांची किंमत आणि ‘आत्ता आहे का’ एवढंच विचारा. ओजासाठी पीटीओ स्विच, सोलनॉइड आणि वायरिंग हार्नेसही विचारा. ‘कंपनीतून मागवावं लागेल’ हे उत्तर दोनदा आलं की तो ट्रॅक्टर यादीतून काढा. दोन्ही सारखे निघाले तर ३० हजार वाचवणारा जिवो. मंडप असेल तर त्याचा व्हाइनयार्ड प्रकार बघा.

डेमो तुमच्याच बागेत, ब्लोअर भरून घ्या. दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर स्वतः टेपने मोजा. इंजिनचा एचपी विसरा, पीटीओचा विचारा. ५४० फेऱ्यांवर पंखा चालू ठेवून चढाला इंजिन दबतं का ते ऐका. सायलेन्सरचा धूर घडांवर जात नाही ना, हेही.

आता कर्ज. ९ टक्के फ्लॅट हा आकडा फसवा आहे. व्याज पाचही वर्षं मूळ रकमेवर लागतं, त्यामुळे खरा दर सुमारे पावणेसोळा टक्के पडतो. ओजा आणि मोठा ब्लोअर मिळून ८ लाख २५ हजार. तुमचे ३ लाख घालून कर्ज सव्वापाच लाख, डीलरकडून घेतलं तर महिना १२,६८८, एकूण परतफेड ७ लाख ६१ हजार. जिवो आणि छोटा ब्लोअर ७ लाखांत बसतो. यात २ लाख ४० हजारच घाला, ६० हजार दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. ४ लाख ६० हजारांचं बँकेचं कर्ज, सहामाही हप्ता साधारण ६१ हजार, एकूण ६ लाख १० हजार. दीड लाखाचा फरक, आणि ६० हजार खिशात.

मासिक हप्ता घेऊच नका. द्राक्षाचा पैसा जानेवारी ते एप्रिलच्या तोडणीनंतर, व्यापारी देईल तेव्हा येतो. हप्ते मे आणि नोव्हेंबरमध्ये बांधा. एरवी नोव्हेंबर मी टाळला असता, कारण तेव्हा औषधांची उधारी डोक्यावर असते, पण तुमचा टोमॅटो तोवर पिंपळगावला विकून झालेला असतो. शेजाऱ्यांच्या फवारणीतून हप्ता निघेल असं धरू नका. पाऊस पडला की त्यांनाही त्याच सकाळी ट्रॅक्टर हवा असतो, ज्या सकाळी तुम्हाला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. कोटेशन जुनं असेल तर नवं मागा, त्यावर व्हेरिएंटचं पूर्ण नाव आणि वॉरंटीचे तास लिहून घ्या. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अनुदानाचा अर्ज करणार असाल तर त्याला फार्मर आयडी लागतो, आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत डीलरला बिल फाडू देऊ नका. आधीच्या तारखेच्या बिलावर अनुदान मिळत नाही.