वीस सांगितलं, तेरा देते: गाडी विकून टाकू का?

धायरीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. गेल्या दसऱ्याला, जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आल्यानंतर, त्यांनी छोटी पेट्रोल एसयूव्ही घेतली, ऑटोमॅटिक. ऑन रोड ११.८० लाख. पदरचे २.८० लाख घातले, ९ लाखांचं कर्ज काढलं, ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी, हप्ता १४,४८०. नोकरी भोसरीला. महिन्याचं रनिंग १,२०० किलोमीटर. माहितीपत्रकात लिटरला २० लिहिलेलं, समोरच्या स्क्रीनवर दिसतं साडेअकरा. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, गाडी ओके आहे, दोन सर्व्हिसिंग झाल्या की वाढेल. पेट्रोलच्या खर्चाने घर हललं, दोन महिन्यांपूर्वी ८,००० ची एसआयपी थांबवली. आता विचार असा, की ही गाडी विकावी, १.६० लाखांची एफडी मोडावी आणि सीएनजी घ्यावी. नाहीतर हिलाच ६५,००० चं किट बसवावं. काय करू?

दादा, आधी तुमचा साडेअकराचा आकडा बाजूला ठेवू. म्हणून तर तुम्हाला फोन करून तीन टाक्यांचा हिशेब ठेवायला सांगितलं होतं. तुम्ही पंपावर जाऊन "दोन हजारचं टाका" म्हणता, पोऱ्या "झिरो बघा" म्हणतो, तुम्ही झिरो बघता आणि निघता. यातून ॲव्हरेज कधीच कळत नाही. टाकी पहिल्या कटपर्यंत, म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत, फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचं, गाडी नेहमीसारखी चालवायची आणि त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायची. जितके लिटर बसले त्याने किलोमीटर भागायचे. तुम्ही ते नीट केलंत. ऑफिसच्या दोन टाक्यांचं १३ आलं आणि साताऱ्याला जाऊन-येऊन १७.२. स्क्रीनवरचं साडेअकरा तुम्ही गाडी घेतल्यापासून रीसेटच केलेलं नव्हतं. त्यात सुरुवातीच्या दिवसांत पाहुण्यांना दाखवायला पार्किंगमध्ये एसी लावून उभी केलेली गाडीही मोजली गेली आहे.

साताऱ्याच्या १७.२ मधून मला हवं ते उत्तर मिळालं. खंबाटकी चढून एवढं देणाऱ्या गाडीच्या इंजिनात खोट असण्याची शक्यता कमी. खोट आहे ती सकाळी साडेआठ वाजता नवले पुलापासून वाकडपर्यंतच्या रस्त्यात. ती सर्व्हिसिंगने जाणार नाही, दोनदा करा नाहीतर दहादा.

मग वीस आलं कुठून? ज्याला आपण "एआरएआयचं ॲव्हरेज" म्हणतो ते रस्त्यावर मोजतच नाहीत. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या तालावर चालवतात: साधारण वीस मिनिटं, दहा-अकरा किलोमीटर, सरासरी वेग तिशीच्या थोडा वर, एसी बंद. एआरएआय ही गाड्यांची चाचणी करणारी संस्था आपल्याच पुण्यात, कोथरूडजवळच्या टेकडीवर आहे. पण त्या रोलरवर ना वारज्याचा जाम असतो, ना पावसाळ्यात काच धुकटते म्हणून लावावा लागणारा एसी. दोन गाड्या एकमेकींशी ताडून बघायला तो आकडा चांगला. घरखर्चाच्या वहीत तो लिहू नये. मी स्वतः अशिलांना सांगतो, शहरात ऑटोमॅटिक असेल तर त्यातून पाव भाग वजा करून बजेट करा. म्हणजे तुमच्या गाडीला १५.

इथेनॉलबद्दलही तुम्ही रागाने लिहिलं आहे. राग समजतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि आता पंपावर वीस टक्के मिश्रणच मिळतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या बनावटीच्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. या इंधनासाठी जुळवलेल्या इंजिनांना फटका त्याहून कमी. पण ही विकून दुसरी पेट्रोल गाडी घेतलीत तरी टाकीत तेच पडणार आहे.

आता रुपयांत बोलू. तुमच्याच पत्रातला १०४ चा भाव धरला, तर १,२०० किलोमीटरला २० च्या ॲव्हरेजने ६,२४० रुपये लागले असते. १५ ने ८,३२०. प्रत्यक्षात १३ ने ९,६०० लागतात. कागदावरच्या आकड्याशी तुलना केली तर महिन्याला ३,३६० चा खड्डा दिसतो; खरोखर अपेक्षा ठेवावी अशा आकड्याशी केली तर १,२८० चा. एवढ्या रकमेसाठी तुम्ही काय पणाला लावताय ते बघा.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने तुम्हाला ८.७५ लाखांची ऑफर दिली आहे. आठ हप्ते भरल्यावर कर्ज शिल्लक आहे साधारण ८,३६,५००. तुमच्या करारात मुदतपूर्व बंद करण्याचा आकार ४ टक्के, त्यावर जीएसटी, म्हणजे ३९,५००. बेरीज-वजाबाकी केलीत? गाडी दिल्यावर तुमच्या हातात काही येत नाही, उलट खिशातले हजार रुपये घालावे लागतात. २.८० लाख डाउन पेमेंट आणि आठ हप्त्यांचे १.१६ लाख, म्हणजे जवळजवळ चार लाख रुपये आठ महिने गाडी वापरल्याचं भाडं म्हणून गेले. पन्नास हजारांचं भाडं महिन्याला! एवढ्यात शोफर ठेवता आला असता.

आणि नव्याने सुरुवात तिथूनच. ११.९० लाखांची सीएनजी, एफडीचे १.६० लाख घालून १०.३० लाखांचं कर्ज, त्याच दराने आणि मुदतीने हप्ता १६,५७० च्या आसपास. म्हणजे आताच्यापेक्षा २,०९० जास्त, आणि ८४ महिने पुन्हा पहिल्यापासून. रस्ता कर पुन्हा भरायचा. सीएनजीला त्याचा दर कमी असतो हे खरं, पण पेट्रोल गाडीवर भरलेला लाखभर रुपयांचा कर तुम्हाला कुणी परत देत नाही. तो गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. बदल्यात मिळणार काय? किलोला २० आणि भाव ९२ धरला तर सीएनजीचा खर्च ५,५२० होतो, म्हणजे महिन्याला ४,०८० ची बचत. त्यातली निम्मी वाढलेला हप्ता खाणार. गाडी विकण्यातला तोटा, म्हणजे किमतीतली घट आणि बँकेचा आकार मिळून ३.४४ लाख, ४,०८० च्या बचतीने भरून काढायला ८४ महिने लागतात. तुमच्या कर्जाच्या मुदतीइतकेच, हा योगायोग.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. २०१२ मध्ये पेट्रोल आणि डिझेलमध्ये तीसेक रुपयांचा फरक होता, तेव्हा मीही सव्वा लाख जास्त मोजून डिझेल गाडी घेतली होती. माझं रनिंग वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर. कार्यालयात बसून लोकांना चक्रवाढ व्याज समजावणारा माणूस, पण शोरूममध्ये एवढा साधा भागाकार केला नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले, पुढे फरक आक्रसत गेला आणि ते सव्वा लाख काही वसूल झाले नाहीत. बायको अजून त्या गाडीला "तुमची गुंतवणूक" म्हणते.

किटचा प्रस्ताव तुलनेने बरा आहे, पण आत्ता नाही. बसवणाऱ्याने १४ महिन्यांत पैसे वसूल असं सांगितलं ते तुमच्या साडेअकराच्या आकड्यावर. १३ धरा, गाडी सुरू होताना थोडं पेट्रोल जातंच तेही धरा, तर बचत महिन्याला ३,१०० होते आणि वसुलीला २१ महिने लागतात. तेही चालेल. अडचण वॉरंटीची आहे. आठ महिन्यांच्या गाडीला बाहेरून किट लावलं, उद्या इंजिनाचं काही झालं, तर कंपनी पहिलं बोट किटकडेच दाखवेल. शिवाय मान्यताप्राप्त किटच हवं, आरसी बुकावर नोंद हवी, विमा कंपनीला कळवून जादा हप्ता भरायला हवा (हे राहिलं तर क्लेमच्या वेळी रडाल), दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी, आणि डिकीत बॅग मावत नाही ती नाहीच. वॉरंटी संपल्यावर रनिंग एवढंच राहिलं, तर मला पुन्हा लिहा.

ग्राहक आयोगात जायचा विचार एका ओळीत लिहिला आहे म्हणून एका परिच्छेदात उत्तर देतो. अशा तक्रारी जिंकल्या गेल्या आहेत. केरळमध्ये त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये एका डिझेल गाडीच्या मालकिणीला तीन लाखांवर भरपाई दिली. जाहिरातीत ३२ चा दावा होता आणि तज्ज्ञाने चालवून पाहिल्यावर २० सुद्धा भरले नाहीत. पण गाडी होती २०१४ ची. तुमच्या माहितीपत्रकात आकड्याखाली "चाचणीच्या ठरावीक परिस्थितीत" असं बारीक अक्षरांत छापलेलं आहे, आणि महामार्गावर तुमची गाडी १७ देते. हा खटला मी तरी लढलो नसतो.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. दोघांचे मिळून ९२,००० हातात येतात. हप्ता १४,४८०, पेट्रोल ९,६००, विमा-सर्व्हिस-पार्किंगचे सरासरी ३,५००. गाडी महिन्याला २७,५८० खाते. उत्पन्नाचे तीस टक्के. समजा गाडीने ठरल्याप्रमाणे वीस दिले असते, तर? २४,२२०. सव्वीस टक्के. घरभाडं २१,००० आहेच. म्हणजे माहितीपत्रकातला शब्दन्‌शब्द खरा निघाला असता तरी तुमची ८,००० ची एसआयपी अडचणीत येणारच होती, दोन महिन्यांनी उशिरा एवढंच. घर ॲव्हरेजने हललेलं नाही, हप्त्याने हललं आहे. पण हप्ता खात्यातून गुपचूप पाच तारखेला जातो आणि पेट्रोलचे पैसे आपण दर पाच-सहा दिवसांनी स्वतःच्या हाताने देतो, म्हणून शिव्या पंपाला.

तेव्हा गाडी ठेवा. एफडीला हात लावू नका. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, एक मूल असलेल्या जोडप्याकडे अडीनडीला दीड-दोन लाख म्हणजे आधीच तोकडी रक्कम आहे. एसआयपी ३,००० ने लगेच सुरू करा, पूर्ण आठ हजारांची वाट बघू नका.

ते तीन हजार कुठून आणायचे? लिटरमागचे किलोमीटर वाढवण्यापेक्षा किलोमीटरच कमी करणं सोपं. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो पिंपरी-चिंचवडहून थेट स्वारगेटपर्यंत जाते. तुमच्याकडे जुनी स्कूटर अजून आहे. आठवड्यातून दोन दिवस स्कूटरने स्वारगेट, तिथून मेट्रोने नाशिक फाटा (स्टेशनचं नाव भोसरी आहे, पण एमआयडीसी तिथून लांब, पुढे बस किंवा शेअर रिक्षा). महिन्यात आठ दिवस, रोजचे ५२ किलोमीटर वाचले तर ४१६ किलोमीटर, ३२ लिटर, ३,३०० रुपये. दिवसाला दीडशे रुपये प्रवासाचे वजा केले तरी २,१०० उरतात. १,२८० च्या ज्या खड्ड्यासाठी तुम्ही गाडी विकायला निघाला होतात, त्याहून जास्त. उरलेल्या तीन दिवसांत चाकणला जाणारे शेजारी तुमच्याबरोबर भोसरीपर्यंत येऊन पेट्रोलमध्ये वाटा देतायत का, तेही विचारा. संकोच वाटेल, पहिल्या आठवड्यात.

टायरमधली हवा तुम्ही मोजून कळवलीत, २७. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ लिहिलं आहे. ती आजच भरून घ्या, पंधरा दिवसांनी परत बघा. यातून चमत्कार होणार नाही, पण फुकटात मिळतंय ते का सोडायचं.

आणि दसऱ्याच्या आसपास तुमच्या विम्याचा एक वर्षाचा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) भाग संपेल. थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) तीन वर्षांचा आहे. डीलरचा फोन येईल, "सर, रिन्यूअल करून टाकतो, लिंक पाठवतो." लिंक उघडण्याआधी आणखी दोन कंपन्यांची कोटेशनं काढा. वर्षभरात क्लेम केलेला नसेल तर वीस टक्के नो क्लेम बोनस लागला आहे ना ते पाहा, आणि ते तिन्ही कागद मला मेल करा.