व्यसनमुक्तीतल्या समाजकार्याचा उपयोग झाला की नाही, हे कसं ठरवायचं?

फक्त ‘किती जण दाखल झाले, किती कोर्स पूर्ण करून गेले’ एवढ्यावर ठरवू नका. खरी परीक्षा घरी गेल्यावर सुरू होते.

दाखल होताना ऑडिट ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली भरून घ्या. दारूसाठीच आहे ती. १० प्रश्न, ० ते ४० गुण. तीच ६ महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा भरा. आणि कृपा करून, फोन न उचलणाऱ्यांना हिशेबातून वगळू नका! बहुतेक अहवाल इथेच फुगतात. जो सापडत नाही तो बहुधा पुन्हा पितोय, असं धरूनच टक्केवारी काढा.

समाजकार्यकर्त्याचं काम मात्र गुणांत पूर्ण दिसत नाही. गृहभेटीत बायकोला विचारा: पगाराच्या दिवशी घरात किती पैसे आले? मारहाण थांबली का? मुलं बापाजवळ बसतात का? पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात (स्थापना १९८६) रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, तो याच जाणिवेतून.

एकदा पाय घसरला म्हणजे सगळं फुकट गेलं, असंही लिहू नका. घसरल्यावर तो किती दिवसांत स्वतःहून समुपदेशकाकडे परत आला, याची नोंद ठेवा. माझ्या मते ही नोंद सर्वांत बोलकी.