डीएक्सआरवर औषध का आलं नाही? टीबीवर डॉकिंग करण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न असा: नाशिकला एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी करताय, प्रोजेक्टसाठी टीबीच्या जिवाणूतल्या डीएक्सआर एन्झाइमवर डॉकिंग (रेणू प्रथिनात कसा बसतो हे संगणकावर बघणं) करायचंय, आणि गाइडने अडवलंय की माणसात हे एन्झाइमच नसताना त्यावरचं औषध अजून बाजारात का नाही. गाइडचा प्रश्न अगदी योग्य आहे, तो टाळून पुढे जाऊ नका.

आयसोप्रिनॉइड्सशिवाय (स्टेरॉल, कॅरोटिन वगैरे रेणूंचं घराणं) कुठल्याच पेशीचं चालत नाही. ती सगळी आयपीपी आणि डीएमएपीपी या पाच कार्बनच्या दोन छोट्या रेणूंपासून बनतात. आपल्या आणि बुरशीच्या पेशी हे दोन मेव्हॅलोनेट मार्गाने बनवतात. कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन औषधं तोच मार्ग अडवतात. बऱ्याच जिवाणूंचा मार्ग निराळा आहे, हे मिशेल रोमर आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवलं. तोच एमईपी मार्ग, आणि डीएक्सआर त्यातलं दुसरं एन्झाइम. टीबी, ई. कोलाय, स्यूडोमोनास आणि मलेरियाचा परजीवी याच मार्गाने जातात. स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र मेव्हॅलोनेटवाला. त्यामुळे लॅबमध्ये हाताशी आहे म्हणून स्टॅफवर चाचणी लावाल, तर निकाल शून्य येईल आणि त्यातून काहीच कळणार नाही.

आता फॉस्मिडोमायसिन. रेणू मूळचा स्ट्रेप्टोमायसिसचा, जुनाच. तो डीएक्सआर अडवतो आणि उंदरांतला मलेरिया बरा करतो, हे १९९९ मध्ये समोर आलं. नंतर गॅबनमध्ये रुग्णांना दिला तेव्हा रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले, पण बऱ्याच जणांचा मलेरिया उलटला. औषध रक्तात टिकतच नाही, अर्धायुष्य दोनेक तासांचं.

टीबीत तर ते आतच शिरत नाही. रेणूवर फॉस्फोनेट गटाचा विद्युतभार आहे, त्यामुळे तो आपसूक पडदा ओलांडत नाही. ई. कोलाय त्याला ग्लिसरॉल-३-फॉस्फेट आत घेणाऱ्या ग्लपटी वाहकातून ओढून घेतो. टीबीच्या जिवाणूकडे हा वाहक नाही, वर भिंत मेणचट. मलेरियात जमतं, कारण परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशीच्या पडद्यात नव्या वाटा उघडतात. म्हणजे टीबीचं शुद्ध केलेलं एन्झाइम अडतं, पण जिवंत जिवाणूला ढिम्म फरक पडत नाही. माझ्या मते गाइडला हेच उत्तर द्या. भार झाकणारे प्रोड्रग (शरीरात गेल्यावर मूळ औषधात बदलणारे रेणू) किंवा फॉस्फोनेटच नसलेले रेणू, खरं काम तिथे उरलंय.

आणखी एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. आयसोप्रिनॉइड्सपासून पुढे बुरशीचं स्टेरॉल बनवणारी साखळी अडवणारी यशस्वी औषधं आपल्याकडे आधीच आहेत. नायट्यावरचं टर्बिनाफिन त्यातलं स्क्वॅलीन इपॉक्सिडेज हे एन्झाइम अडवतं. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही ॲझोल गटातली औषधं त्याच साखळीत पुढचं सीवायपी५१ हे एन्झाइम अडवतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत भुरी या बुरशीजन्य रोगासाठी फवारतात ते हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोलही सीवायपी५१वरच काम करतात. शेतातल्या अशा फवारण्यांशी जोडलेली ॲझोल-प्रतिरोधक ॲस्परजिलस बुरशी आधी नेदरलँड्समध्ये ठळकपणे दिसली, पुढे भारतातही सापडली. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, भुरी आली की घड हातचे जातात. पण एमईपी मार्ग वनस्पतींच्या हरितलवकातही असतो. क्लोमाझोन या तणनाशकाचं वनस्पतीत बदललेलं रूप त्याचं पहिलं एन्झाइम, डीएक्सएस, अडवतं. यावर उद्या औषध आलंच, तर तेच रसायन शेतात आणि दवाखान्यात एकाच वेळी जाऊ नये, हा विचार आत्ताच व्हायला हवा. प्रोजेक्टच्या चर्चेत एक परिच्छेद यावर जरूर लिहा.

डॉकिंगबद्दल: फॉस्मिडोमायसिनचा हायड्रॉक्सामेट भाग एन्झाइममधल्या मॅग्नेशियम किंवा मँगनीजला धरतो. सॉफ्टवेअरमध्ये प्रथिनाची फाइल साफ करताना पाण्याबरोबर धातूही उडवला जातो, आणि मग स्कोअर कितीही देखणा आला तरी निरुपयोगी. धातू आणि एन्झाइमचा मदतनीस रेणू एनएडीपीएच दोन्ही जागेवर ठेवा. आधी फॉस्मिडोमायसिनच डॉक करून बघा. क्रिस्टल रचनेत बसलाय तसाच बसत नसेल, तर पुढची हजार संयुगं चालवू नका.

प्रत्यक्ष जिवाणूंवर प्रयोग करायची परवानगी मिळाली तर ई. कोलायवर फॉस्मिडोमायसिनची एमआयसी (वाढ थांबवणारी किमान मात्रा) काढा, माध्यमात ग्लुकोज घालू नका. ग्लुकोज असलं की ग्लपटी कमी बनतो आणि जिवाणू उगाच प्रतिरोधक भासतो. ग्लपटी नसलेला म्युटंट मिळाला तर शेजारी लावा, म्हणजे टीबीत काय होतं ते तुमच्याच प्लेटवर दिसेल.