व्हेक्टर निवडताना आधी ओरिजिन बघ
व्हेक्टर म्हणजे आपला जीन जिवाणूत नेणारा डीएनए, इथे प्लाझमिड (जिवाणूतला छोटा गोल डीएनए). त्याचा नकाशा उघडला की नवखे थेट डीएनए कापणाऱ्या एन्झाइमच्या जागा शोधतात. तू आधी ओरिजिन बघ, म्हणजे प्लाझमिडची नक्कल जिथून सुरू होते ती जागा. पेशीत प्लाझमिडच्या किती प्रती राहणार, ते त्यावर ठरतं: पीबीआर३२२ च्या साधारण १५ ते २०, पीयूसी१९ च्या काही शे. भरपूर डीएनए हवा तर पीयूसी१९ उत्तमच. पण तुझ्या जीनचं प्रोटीन जिवाणूला घातक असेल तर कमी प्रतींचाच व्हेक्टर घे.

अँपिसिलिनच्या (प्लाझमिड नसलेले जिवाणू वाढू न देणाऱ्या अँटिबायोटिकच्या) प्लेटा रात्रभरापेक्षा जास्त वेळ इन्क्युबेटरमध्ये ठेवू नकोस. प्लाझमिडवरच्या जीनमुळे बनणारं बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम बाहेर झिरपून आजूबाजूचं अँपिसिलिन फोडतं, आणि मोठ्या कॉलनीभोवती बारीक ठिपके उगवतात. ते अजिबात उचलू नकोस, त्यांत बहुधा प्लाझमिड नसतंच.

आणि निळ्या-पांढऱ्या चाचणीत (जीन बसला की कॉलनी निळी न होता पांढरी राहते) कॉलनी पांढरी दिसली म्हणून जीन बसलाच असं धरू नकोस. प्लाझमिड डायजेस्ट करून, म्हणजे एन्झाइमने कापून, तुकड्यांची लांबी जेलवर बघ.