आप्पांना हवं असलेलं अपील

"पोराला नशेपायी पलटणीतून घरी पाठवलंय. अपील करता येतं का? आणि अपील चालू असताना व्यसनमुक्तीला घातलं, तर गुन्हा आपणच कबूल केल्यासारखं होईल का?"

व्यसनमुक्तीचं समुपदेशन पुण्यात करायचं म्हटलं की हा प्रश्न अधूनमधून येतोच. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथं, खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र, वानवडीला कमांड हॉस्पिटल, आणि दिघी-धानोरी-विश्रांतवाडीकडे तर गल्लीगणिक एखादा निवृत्त सुभेदार. विचारायला जवान स्वतः क्वचित येतो. वडील येतात, बायको येते, कधी मेहुणा. पहिला प्रश्न खुर्चीत बसून विचारतात. दुसरा निघताना, चपला घालता घालता.

एका घराबद्दल सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

संदीप फौजेत नाईक होता. पंधरा वर्षं पुरी व्हायला दोनेक वर्षं कमी असताना त्याला घरी पाठवलं. वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पा, संदीप आणि त्याची बायको वैशाली असे तिघं आले. आप्पांच्या हातात चेनची प्लॅस्टिकची फाइल, आत सगळे कागद तारखेवार लावलेले. भरती झाल्याचं पत्र, कोर्सची प्रमाणपत्रं, मेडलच्या नोंदी. डिस्चार्ज बुक मात्र फाइलमध्ये नव्हतं. मी विचारलं तशी वैशालीनं ते पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. आप्पांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

ही माझी सवय आहे: गोष्ट ऐकण्याआधी कागद बघायचा. घरात 'काढलं' हा एकच शब्द चालतो, पण फौजेत काढण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. बडतर्फ केलं असेल, म्हणजे डिसमिस, तर पेन्शनचा हक्क सहसा जातोच. डिस्चार्ज असेल तर हक्क शिल्लक असतो, पण जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते. मेडिकल बोर्डानं अनफिट ठरवून पाठवलं असेल तर तो तिसराच रस्ता. आणि त्यातही दारू किंवा नशेमुळे आलेला आजार हा माणसाच्या स्वतःच्या हातातला धरला जातो, त्यामुळे डिसेबिलिटी पेन्शनची आशा धरू नये. कोर्ट मार्शल झालं असेल तर अपिलाचं कलमही वेगळं आणि मुदतही वेगळी.

संदीपच्या बुकात कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड', म्हणजे सेवेची आता गरज नाही. १९५४ च्या आर्मी रूल्समधला नियम १३ लावून केलेला डिस्चार्ज. आप्पा म्हणाले, "बघा मॅडम, नशेचा शब्द तरी आहे का यात?" शब्द नव्हता, हे खरं. पण फाइलच्या तळाशी शो कॉज नोटिशीची, म्हणजे 'तुला का काढू नये' असं विचारणाऱ्या नोटिशीची प्रत होती आणि तिच्यात सगळं होतं: चार रेड एंट्र्या, म्हणजे लाल शाईनं केलेल्या शिक्षेच्या नोंदी, त्यातल्या दोन रजेवरून उशिरा परतल्याच्या आणि शेवटची ट्रॅमाडॉलच्या कॅप्सूल बॅगेत सापडल्याची.

सुरुवात पाठीच्या दुखापतीनं झाली होती. औषध डॉक्टरांनी दिलेलं, ते संपल्यावर गावातल्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेलं, मग दुखणं थांबलं तरी चालूच. ही साखळी मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की पुढचं वाक्य मला आधीच कळतं. बऱ्याच जणांना ती 'दुखण्याची गोळी'च वाटते. प्रत्यक्षात ट्रॅमाडॉल ओपिऑइड आहे, म्हणजे अफूसारखं काम करणारं औषध, आणि २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेलं आहे.

आप्पांचा मुद्दा तयार होता. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं की खसखस खाल्ली तरी लघवीच्या तपासणीत अफू दिसते. दिवाळीच्या सुट्टीत संदीप घरी होता, अनारसे भरपूर झाले होते, तेव्हा तपासणी चुकली असं अपिलात लिहायचं. ऐकायला हसू येतं, पण निम्मी गोष्ट खरी आहे. खसखशीवर मॉर्फीन-कोडीनचे अंश असतात आणि त्यानं तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या सैनिकांना याच कारणानं खसखस टाळायला सांगितलं होतं. पहिल्या झटपट चाचणीवर विसंबू नये, पक्क्या चाचणीचा रिपोर्ट मागावा, हेही बरोबर. फक्त खसखशीतून ट्रॅमाडॉल येत नाही. ते प्रयोगशाळेत बनतं, अफूच्या नेहमीच्या चाचणीत सापडतही नाही, त्याची चाचणी वेगळी असते. शिवाय कॅप्सूल बॅगेत होत्या. त्यांचं काय करायचं ते आप्पांच्या व्हॉट्सॲपनं सांगितलं नव्हतं.

"तरी पण मॅडम," आप्पा म्हणाले, "अर्जात पहिलं वाक्य हेच पाहिजे, की माझ्या मुलानं आयुष्यात कधी नशा केलेली नाही."

इथं खरी गाठ होती, आणि ती बहुतेक घरांत असते. आप्पांना नोकरी परत नको होती, पेन्शनसुद्धा दुय्यम होती. गावच्या जत्रेत ज्यांच्या शेजारी बसायचं त्या माजी सैनिकांना दाखवता येईल असा कागद हवा होता: पोरगा निर्दोष. असा कागद अपिलातून मिळत नाही. पोरगा चांगला की वाईट हे तिथं कुणी ठरवत नाही. काढताना नियम पाळले का, त्याला म्हणणं मांडायची संधी दिली का, दिलेली शिक्षा सगळं धरून जास्त झाली का, एवढंच बघतात. त्या चौकटीत संदीपकडे बरंच काही होतं. निर्दोषपणाच्या चौकटीत काहीच नव्हतं.

मी वकील नाही, म्हणून कायद्याचं काम माझ्या ओळखीच्या, फौजी प्रकरणं करणाऱ्या वकीलबाईंकडे दिलं. फी परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारता येतं, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायला हरकत नसते. बुकातल्या शेऱ्यामुळे माजी सैनिकाचा दर्जा अडकला असला तरी कुठला अर्ज कुठं करायचा हे तिथं कळतं. 'हमखास पेन्शन काढून देतो' म्हणत आधी रोख मागणारे कॅन्टोन्मेंटच्या आसपास भेटतात. त्यांना चहासुद्धा पाजू नये.

वकीलबाईंनी संदीपला नेमके प्रश्न विचारले. चौकशी झाली तेव्हा तू हजर होतास का? साक्षीदारांना प्रश्न विचारू दिले का? ज्या चौकशीत जवानाच्या चारित्र्याला किंवा फौजी लौकिकाला धक्का लागू शकतो, तिथं नियम १८० प्रमाणे त्याला पूर्ण वेळ हजर राहू द्यावं लागतं आणि उलटतपासणीची संधी द्यावी लागते. संदीप म्हणाला, त्याला एकदा बोलावून सही घेतली. शो कॉजचं उत्तर? ते ऑफिसातल्या क्लार्कनं इंग्रजीत लिहून दिलं, यानं खाली सही केली. आणि रेड एंट्र्या चार झाल्या म्हणजे आपोआप घरी, असं कंपनीत सगळेच समजून चालले होते. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात नेमकं हेच नाकारलं आहे: नुसत्या चार नोंदी पुरेशा नाहीत, आधी प्राथमिक चौकशी व्हायला हवी आणि सेवा किती झाली, कुठल्या कठीण ठिकाणी झाली याचा विचार व्हायला हवा. त्या जवानाला पेन्शनपुरती सेवा पूर्ण झाली असं धरलं गेलं. मधल्या काळाचा पगार मात्र मिळाला नाही. आमच्याकडे येणाऱ्यांना मी हा निकाल दोन्ही बाजूंनी सांगते. दार आहे, पण त्यातून वर्दी अंगावर परत येईल असं धरून चालू नये.

मुदतीचंही ऐकून ठेवा, कारण घरं इथंच बुडतात. आधी लष्कराकडेच वरिष्ठांना अर्ज करायचा असतो. त्याचा निकाल लागला की सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जायचं. अर्जावर सहा महिने काहीच उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्यानं आलं, २००९ पासून चालतं, आपल्याला मुंबईचं खंडपीठ. पलटण कुठंही असो, घरी पाठवलेला जवान तो राहतो तिथल्या खंडपीठात जाऊ शकतो. उशीर झाला तर माफ होतो, पण कारण पटवावं लागतं, आणि 'घरात बोलायची हिंमत नव्हती' हे कारण कागदावर फार अशक्त दिसतं.

आता तो चपला घालतानाचा प्रश्न. तो वैशालीनं विचारला. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र त्यांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, १९८६ पासूनचं. तिनं चौकशी केली होती. आप्पा नाही म्हणाले होते: आत्ता दाखल केलं तर पुरावाच तयार होईल. केस लागू दे, मग बघू.

केस लागेपर्यंत संदीप घरीच कॅप्सूल थांबवून बघत होता. आप्पांच्या देखरेखीखाली, एकदम बंद. तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली. आप्पांनी ती अशक्तपणामुळे आलेली चक्कर म्हणून शेजाऱ्यांना सांगितली, आणि संदीपनं पुन्हा कॅप्सूल सुरू केल्या. ट्रॅमाडॉल जास्त प्रमाणात घेणाऱ्यांना फिट येऊ शकते, आणि असं घरच्या घरी तोडणं म्हणजे जिवाशी खेळ. हे मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचं काम आहे. मी त्या दिवशी आप्पांशी जरा चढ्या आवाजात बोलले, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

पुराव्याची भीती मात्र समजण्यासारखी आहे, म्हणून तिचं उत्तर नीट दिलं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारातच धरतो. उपचारांची माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे; उच्च न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. अमली पदार्थांच्या कायद्यातही कलम ६४अ आहे: केवळ सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. म्हणजे कायदा उपचाराला कबुलीजबाब मानत नाही. आणि मुख्य म्हणजे, ज्या अपिलात 'चौकशी नीट झाली नाही' एवढाच मुद्दा आहे, त्यात माणूस आज बरा होतोय यानं बिघडत काहीच नाही. बिघडतं ते 'कधीच नशा केली नाही' असं शपथेवर लिहून दिल्यानं.

त्यावर संदीप पहिल्यांदाच मध्ये बोलला.

"आप्पा, एमएचला, मिलिटरी हॉस्पिटलात, मीच सांगितलं होतं. सायकियाट्रीच्या साहेबांना. किती घेतो, कधीपासून, सगळं. त्यांच्या पेपरात आहे ते."

आप्पा म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं सांगायला?"

"झोप लागत नव्हती, आप्पा."

वैशाली उठून पाणी आणायला गेली. कूलर दाराशेजारीच होता, पण तिला बराच वेळ लागला. मी आप्पांना एवढंच विचारलं, की तुमच्या प्लाटूनमधला एखादा पोरगा असा खरं बोलला असता तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता. ते म्हणाले, "आधी एक ठेवून दिली असती. मग साहेबांकडे घेऊन गेलो असतो." मग थोड्या वेळानं, "साहेब चांगला असता तर."

तिथून पुढचं काम सोपं नव्हतं, पण निदान ते एकाच घराचं झालं. अर्जातलं पहिलं वाक्य बदललं: दुखापत, औषध, त्यातून लागलेली सवय, स्वतःहून दिलेली माहिती, आणि तरीही उपचाराची पुरेशी संधी न देता केलेला डिस्चार्ज. हा मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, आता यात लढण्यासारखं काही आहे. आप्पांनी तो तीनदा वाचला आणि 'सवय' या शब्दाऐवजी 'त्रास' लिहा म्हणाले. लिहिला. तेवढ्यानं काही अडत नव्हतं.

संदीप दाखल झाला, बाहेर आला, मध्ये एकदा घसरला, वैशालीनं त्याच दिवशी फोन केला. आता मानसोपचारतज्ज्ञांची औषधं चालू आहेत आणि पाठीसाठी फिजिओथेरपी, जी खरं तर आधीच व्हायला हवी होती. नोकरीचं विचाराल तर सिक्युरिटी एजन्सीवाले डिस्चार्ज बुक मागतातच. त्यात जे लिहिलंय तेच सांगायचं, जास्त नाही आणि वेगळं तर मुळीच नाही, असं आम्ही ठरवलं आहे. दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या ठिकाणी, चाकणकडच्या एका गोदामात, स्टोअरचं काम मिळालं. पलटणीत तो स्टोअरच बघायचा.

लष्कराकडून अर्जाला अजून उत्तर नाही. सहा महिने भरतील ती तारीख वैशालीनं कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली आहे आणि मुंबईचे कागद वकीलबाईंकडे तयार आहेत. आप्पा कुटुंबीयांच्या गटाला येतात. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की आमच्या वेळी फौजेत असलं काही नव्हतं. समोर बसलेले एक निवृत्त हवालदार, ज्यांचा स्वतःचा भाऊ दारूत गेला, म्हणाले, "सुभेदारसाहेब, रमचा कोटा कोण वाटायचं तुमच्या कंपनीत?" त्यावर दोघांची चांगलीच जुंपली. पुढच्या बैठकीला दोघंही वेळेआधी हजर होते.