गणपतीआधी एफडी मोडू नका

नौपाड्यातल्या एका ताईंनी विचारलंय: "१९६२ सालच्या इमारतीतलं आमचं घर. सासऱ्यांनी बसवलेलं सागवानी दार, त्यावरची गणेशपट्टी, झोपाळा, चार खिडक्या, सगळ्यांवर ऑइलपेंटचे थर. रंग काढून पॉलिश करायचे १ लाख ४० हजार उक्ते सांगितलेत, गणपतीआधी केलं तर १० हजार कमी. ३ लाखांची एफडी जानेवारीत पिकते. मोडू का? इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. लाकूड उजळलं तर जास्त पैसे मिळतील का?"

ताई, शेवटचं आधी. नाही मिळणार. बिल्डर कारपेट एरिया मोजतो, कोरीव काम नाही. हा हौसेचा खर्च आहे. हौस जरूर करा, फक्त तिला गुंतवणूक म्हणू नका.

मग नव्या घरात सोबत येईल त्यावरच पैसे घाला: झोपाळा, गणेशपट्टी, जमलं तर दाराची झडप. खिडक्या पाडकामात जाणार, त्यांना हातही लावू नका.

एफडी मुदतीआधी मोडली की पैसे जितका काळ राहिले त्या मुदतीचा दर लागतो आणि बऱ्याच बँका वर अर्धा ते एक टक्का कापतात. तेही सगळ्या ३ लाखांवर, तुम्हाला लागणार त्यातला एक तुकडा. शिवाय लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढरट पडतं, आणि श्रावणातलं ठाणं काय असतं हे मी सांगायला नको. सूट मिळतेय ती नेमकी चुकीच्या महिन्यात. जानेवारीत हवा कोरडी असेल, पैसेही हातात असतील.

कोरीव भाग उक्ता देऊ नका, रोजावर द्या. उक्त्यात कारागिराला उरकायची घाई, मग पटाशीने नक्षीच्या कडा जातात नाहीतर सगळं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवलं जातं. माझ्या आत्याचा देव्हारा तसा धुतला होता. लाकूड काळपटलं, सरसाचे सांधे सुटले आणि महिरप हातात आली. ती पुन्हा बसवायला मूळ कामाइतकेच पैसे गेले.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तुमचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे, म्हणजे त्यांत शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ नि धूर पोरांना घातक. कोरडं घासणं नको, ब्लोलॅम्पच्या ज्योतीने रंग जाळणं तर नकोच. रिमूव्हर लावून ओलं खरवडायचं, खिडक्या सताड उघड्या आणि पोरं तेवढे दिवस आजोळी. हे करारात लिहून घ्या, दर थोडा चढला तरी चालेल.

पण त्याआधी, दिवाळीनंतर, झोपाळ्याच्या फळीच्या खालच्या बाजूला वीतभर नमुना करून घ्या, त्याची रोजंदारी देऊन. सागाचे रेषे दिसले तर पुढे जा. लांबी (पुट्टी) भरलेलं हलकं जंगली लाकूड निघालं, तर सासऱ्यांनी रंग का मारला होता ते कळेल. मग त्यावर पुन्हा ऑइलपेंटच मारा.